लढाया निरंक

बक्षीबाबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अकोल्याच्या आमच्या कचेरीभोवती फिरत होते. चैत्रातली दुपार होती. बाहेर चिटपाखरू नाही, आणि हा उंच, वाळका म्हातारा हातात काठी घेऊन भिंतीच्या कडेकडेनं चाललेला. मागच्या विहिरीत वाकून बघितलं, एक खडा टाकून कान दिला. खिडक्या मोजल्या. मागच्या दाराची कडी हलवून पाहिली. मग सावकाश पुढच्या पायऱ्यांवर येऊन बसला, धोतराच्या सोग्यातली भाजकी ज्वारी काढली आणि कांद्याबरोबर चावू लागला.

शिपायाला वाटलं, उन्हानं डोकं फिरलेला कुणीतरी. मी बाहेर आलो आणि विचारलं, "काय पाहत होता, बाबा?"

"तुमच्या या घराले दरवाजे दोन हायेत," ते म्हणाले. "मागचा बाहेरून कडी लावून ठेवला. वरतं गवताचं छप्पर हाये. ठिणगी पडली त सारे कागदासंगं भाजसान. तो दरवाजा खोलून ठेवा."

त्या कचेरीत मी दोन वर्षं बोरू घासत होतो. रोज त्या दारावरून जात होतो. माझ्या काय, कुणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं. त्या दिवसापासून ते दार उघडं राहू लागलं.

"काम काय होतं?" मी विचारलं.

"कामासाठी तुमीच बलावलं. सालईगडचा बक्षी म्हनतात मले."

सालईगड म्हणजे हिवरखेडच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पहिल्या दोन रांगांमध्ये चेपून बसलेलं एक संस्थान. गावं नऊ. सकाळी एका टोकाहून निघालेला माणूस जेवायच्या वेळेला दुसऱ्या टोकाला पोचे. पण राजा होता, दिवाण होता, आणि सेनेचा कारभार पाहणारा बक्षीही होता. मोठ्या दरबारात ज्याला सेनामंत्री म्हणतील, ते हे पद. फरक एवढाच की या मंत्र्याच्या हाताखाली सत्तेचाळीस माणसं होती. सत्तावन्नच्या धामधुमीनंतर सरकारनं सगळीकडची हत्यारं गोळा केली तेव्हा सालईगडची शिबंदीही मोडली. पाठोपाठ राजा वारला. मूलबाळ नव्हतं. राहिले ते हे बक्षी आणि त्यांचे शिपाई. शिपायांना चाकरीबद्दल राजानं जमिनी लावून दिल्या होत्या. चाकरी संपली, मग जमिनी कशाला ठेवायच्या, असा प्रश्न आता सरकारात निघाला होता.

तो प्रश्न एरवी निघालाही नसता. पण अमेरिकेत लढाई लागली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीला एकाएकी डोळे फुटल्यासारखे सगळे तिच्याकडे बघू लागले. डोंगराच्या पायथ्याची पडीक शिवारंसुद्धा लोक मागायला लागले. सालईगडच्या शिपायांची जमीन पायथ्याची होती, आणि ती चांगली होती.

आमच्या गोऱ्या साहेबानं हुकूम काढला: बक्षीपद काय होतं, केव्हापासून होतं, त्यानं काय काम केलं, याची जबानी घ्यावी. ते काम माझ्याकडे आलं. आमचे शिरस्तेदार नाना पुण्याकडचे. वऱ्हाडी बोली ऐकली की त्यांच्या कपाळाला आठी पडे. ते म्हणाले, "तुम्ही बाळापूरचे. तुम्हाला त्यांची भाषा कळते. त्या नऊ गावांच्या सेनापतीला तुम्हीच सांभाळा."

जबानी पाच दिवस चालली. मी विचारी, ते सांगत, मी मोडीत उतरवून घेई. दाराकडे पाठ करून ते कधी बसले नाहीत. माझीच बैठक त्यांनी पहिल्या दिवशी फिरवली.

"हुद्द्याचं काम काय?"

"राजा बसते. दिवान बोलते. बक्षी पाहते."

"एवढंच लिहू?"

"पुरते की. पन तुमाले लांब पाहिजे असन त लिहा. पैले पानी, मंग दाना, मंग बंदूक. बक्षीनं ह्या हिशोबानं पाहावं. बंदूक पैले पाहनारा बक्षी नाई, तो शिकारी."

पदाचा इतिहास त्यांनी सांगितला तो असा. पहिला बक्षी त्यांचा आजा. तो मुळात गुराखी. राजाचा सेनानी तेव्हा दुसराच कुणी होता, चांगला घोड्यावरचा, भरजरी शेल्याचा. पेंढाऱ्यांची धूळ खालच्या मैदानात दिसली तेव्हा तो सेनानी घोड्यावर बसून टेहळणीला म्हणून गेला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. अजून आला नाई."

मी हसलो. ते हसले नाहीत, पण मिशीचं एक टोक किंचित हललं.

त्यांच्या आज्याला डोंगरातली प्रत्येक पायवाट गुरांमागं फिरून ठाऊक होती. त्यानं दोन दिवसांत नऊ गावांची माणसं, गुरं आणि दाणा वरच्या पठारावर चढवला. पेंढारी गावात शिरले तर चुली अजून गरम, आणि घरात मांजरसुद्धा नाही. चार घरं जाळून ते पुढं गेले. राजानं त्या गुराख्याला बक्षी केलं. तो नको म्हणत होता. म्हणाला, माझी गुरं कोण पाहील? राजा म्हणाला, तेच कर, फक्त आता गुरांबरोबर माणसंही पाहा.

दुसरा बक्षी त्यांचा बाप. त्यानं एलिचपूरहून एक जुनी तोफ आणली आणि वेशीवर बसवली. पहिल्याच दसऱ्याला बार काढला आणि तोफेला मागं तडा गेला. बापानं तडा चिंध्या आणि डांबर लावून बुजवला, वर शेंदूर फासला, आणि रोज तिला फुलं वाहायला सुरुवात केली. पुढं आजूबाजूच्या मुलुखात बोलवा झाली की सालईगडची तोफ जागृत आहे.

"फुटकी हाये हे तिघालेच मालूम. राजा, माहा बाप, आन् तोफ."

तिसरे हे स्वतः. बावीस वर्षं त्यांनी बक्षीपद सांभाळलं. त्यांच्या वेळची गोष्ट मी विचारली तेव्हा त्यांनी आधी खिडकीबाहेर बघितलं. रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, एकीला एक लागून. आगगाडी अकोल्याला यायची होती, तिच्यासाठी माती टाकण्याचं काम गावाबाहेर सुरू होतं, आणि तिकडून माणसांचा गलका येत होता.

"एकडाव पलीकडच्या खोऱ्यातले आले होते," ते म्हणाले. "चराईवरून भांडन. त्यांचा सरदार भीमसिंग, मोठा तापट मानूस. दोनशे लोक घेऊन खिंडीत येऊन बसला. माहे सत्तेचाळीस. चैत्राचाच महिना. त्या खिंडीत एकच झरा हाये, आन् त्या झऱ्यावर माहे लोक अगुदर बसले होते."

"मग तुम्ही पाणी तोडलं."

"तोडलं असतं त ते पिसाळले असते. तहानेला मानूस मागं फिरत नाई, मुन्शीजी, तो पुढंच येते. मी एकटा गेलो. म्हनलं, भीमसिंग, लढाई करू. पन तुहे लोक सुकून गेले. सुकलेल्या मानसाले मारनं आमच्यात बरं दिसत नाई. पैले पानी प्या. दहा-दहानं या, हत्यार इथं ठेवा, पानी प्या, हत्यार घ्या, परत जा. मंग लढू."

"आणि ते आले?"

"पैले दहा भीत भीत आले. आमच्या लोकायनं गूळ बी ठेवला होता झऱ्यावर. दोनशे लोकायचं पानी पेनं होईस्तोवर सूर्य उतरला. मधात कोनाची सोयरीक निघाली, कोनाचा मावसभाऊ निघाला. भीमसिंगानं शेवटी पानी पेलं. म्हने, चराईचं काय करतं? मी म्हनलं, अर्धी तुही, अर्धी माही. तो म्हने, हे सकाळीच बोलला असतास त? मी म्हनलं, सकाळी तुले तहान होती."

मी हे सगळं लिहून घेतलं. मग छापील तक्त्यावर आलो. तिथं एक रकाना होता: लढलेल्या लढाया.

"किती लिहू?"

"एक बी नाई."

मी लिहिलं: लढाया निरंक.

त्यांनी मला ते वाचून दाखवायला सांगितलं. निरंक म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं तसे ते भिंतीला टेकून बसले. पाच दिवसांत ते टेकून बसलेले मी पहिल्यांदा पाहिले. सुखावला होता म्हातारा.

पण नाना शिरस्तेदारांनी तोच रकाना बोटानं दाबून धरला. "बावीस वर्षांत एक लढाई नाही? मग ही सेना नावापुरती होती. नावापुरत्या चाकरीच्या जमिनी सरकार कशाला चालू ठेवील? साहेब हे वाचील आणि एका रेघेत खालसा करील."

नाना दुष्ट नव्हते. कायदा त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होता, आणि ते म्हणत होते ते खरंच होतं. मी अस्वस्थ झालो. त्या दिवशी बक्षीबाबा पायऱ्यांवर ज्वारी खात बसले होते तिथं जाऊन बसलो आणि हळूच म्हणालो, "बाबा, एखाद-दुसरी लहानशी लढाई लिहू का? लुटारूंची नाहीतर भिल्लांची धाड. आता कोण विचारायला जातं? तुमच्या बेचाळीस घरांचा प्रश्न आहे."

सत्तेचाळिसांतले पाच एव्हाना वारले होते. बेचाळीस राहिले होते. त्यांची नावं बक्षीबाबा जपासारखी एका दमात म्हणत.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. हातातले दाणे परत सोग्यात टाकले.

"बावीस वर्सं जे मी होऊ देल्लं नाई," ते म्हणाले, "ते तुमी एका ओळीत घडवून राहिले, मुन्शीजी."

"जमिनी जातील, बाबा."

"त जातीन. मी त्या लोकायले काय सांगू? तुमच्या जमिनी ठेवासाठी तुमाले कागदावर मारलं? लढाई म्हनलं का मुर्दे आलेच. कोनाचं नाव लिहिता? सांगा."

मी कागद तसाच पुढं पाठवला.

साहेबानं लगेच खालसा केलं नाही. जमिनी पाहून, चौकशी करून अहवाल द्यावा असा शेरा मारला आणि मला सालईगडला धाडलं. मी हिवरखेडपर्यंत बैलगाडीनं आणि पुढं तट्टावरून गेलो. वेशीपाशी तोफेचा ओटा रिकामा होता. बक्षीबाबा मला घ्यायला आले होते, बरोबर त्यांचा जमादार महिपत. महिपत चाळिशीचा, रुंद छातीचा, बोलायला फटकळ. वाटेत त्यानंच मला हत्यारं दिली त्या दिवसाची गोष्ट सांगितली.

हत्यारं जमा करायचा हुकूम आला तेव्हा महिपत आणि आणखी काहीजण ती जंगलात पुरून टाकायला निघाले होते. बक्षीबाबांनी त्यांना थांबवलं आणि सगळ्या बंदुका अंगणात मांडायला लावल्या. मग दिवसभर तेल आणि फडकी देऊन एकूण एक बंदूक साफ करून घेतली.

"आमी रडून राहिलो, आन् हा मानूस म्हनते, तिकडं गंज राहिला, घासा," महिपत म्हणाला. "मी म्हनलं, देऊनच टाकाच्या त घासाच्या कायले? त म्हने, आपन काय नालायक ठरलो म्हनून देऊन राहिलो का?"

हत्यारं न्यायला आलेल्या गोऱ्या अंमलदारानं तोफेचा शेंदूर खरवडून तडा पाहिला आणि विचारलं, ही केव्हापासून फुटली आहे? बक्षीबाबांनी सांगितलं, माझ्या बापाच्या वेळपासून. अंमलदार हसत सुटला. जाताना त्यानं बक्षीबाबांना सलाम केला म्हणे. आपल्या तोफेला केला की माणसाला, यावर गावात अजून वाद होता.

शिवार मी पाहिलं आणि मला नवल वाटलं. खालच्या मुलुखात त्या वर्षी बांधापर्यंत कापूस होता. लोकांनी ज्वारीची शेतं मोडून कापूस लावला होता, दारातल्या परसातसुद्धा लावला होता. सालईगडच्या शिपायांच्या शेतात मात्र कापसाच्या शेजारी ज्वारी उभी होती, प्रत्येकाच्या. जवळजवळ अर्धी.

त्यावरूनच महिपताचं आणि बक्षीबाबांचं बिनसलं होतं. संध्याकाळच्या आधी सगळे चावडीपुढं जमले तेव्हा महिपत माझ्यासमोरच उभा राहिला.

"सरकारी मानूस हाये तवाच बोलतो. सारं वऱ्हाड कापूस लावून राहिलं. खालचे लोक गाडीच्या चाकाले चांदीच्या पट्ट्या ठोकून राहिले. आन् आमी काहून ज्वारी पेरावं? तुमी आता बक्षी नाई, बाबा. पलटन नाई. आमाले हुकूम कायचा?"

बक्षीबाबा उठले नाहीत.

"हुकूम नाई," ते म्हणाले. "बरोबर बोल्ला तू. पन मले एक सांग, कापसाले भाव काहून आला?"

"अमेरिकेत लढाई हाये म्हनून."

"मंग लढाई थांबली त?"

महिपत पायानं माती उकरू लागला.

"मले शेतीतलं तुह्याइतकं कळत नाई. मी त्या दुसऱ्या खात्यातला मानूस. तिथलं एक मले मालूम हाये. लढाई थांबतेच. कवा थांबन ते तिथं लढनाऱ्याले बी मालूम नसते, तुले आन् मले कुठून मालूम? कापूस लाव. लावू नोको कोन म्हनते? पन ज्याच्या घरात दाना नाई तो गड पैल्याच महिन्यात दरवाजा खोलते."

"तुमी सारं गडावरच नेता," महिपत म्हणाला आणि तिथून निघून गेला. जाताना म्हणाला, पुढच्या साली माझ्या वावरात ज्वारीचं एक ताट दिसणार नाही.

मी अहवाल लिहिला. जमिनी चांगल्या राखल्या आहेत, शिपाई स्वतः कसतात, वगैरे. पण मूळ प्रश्न तसाच होता. चाकरी खरी होती का? तिला पुरावा काय? सालईगडात कागद नव्हते. बक्षीबाबा म्हणत, "एवढं लहान राज्य, जे सांगाचं ते हाक मारून सांगत होतो. लिहून कोनाले धाडावं?"

शेवटच्या सुनावणीचा दिवस ठरला. बक्षीबाबा बेचाळीस जणांना घेऊन आले होते, म्हणजे एक्केचाळीस. महिपत नव्हता. सगळे धुवट कपड्यांत कचेरीपुढच्या लिंबाखाली ओळीनं बसलेले. नानांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हुकूम लिहून तयार आहे आणि तो बरा नाही. बाहेर बघायचं धाडस झालं नाही.

साहेबानं तक्ता पुढं ओढला. तोडकंमोडकं हिंदुस्थानी त्याला येत असे. "बक्षी, तुमने बाईस साल कोई लडाई नहीं की?"

"नाई, साहेब."

"फिर फौज क्यों?"

बक्षीबाबा उत्तर देणार एवढ्यात बाहेर गलबला झाला. एक बैलगाडी अगदी पायऱ्यांपर्यंत आली होती. शिपाई ओरडत होता आणि महिपत त्याला न जुमानता गाडीतून एका म्हाताऱ्याला हाताला धरून उतरवत होता. म्हातारा भला दांडगा, पण डोळ्यांनी अधू. एका डोळ्यात तर फूलच पडलेलं. महिपत त्याला थेट आत घेऊन आला. दोघंही धुळीनं माखले होते. महिपताच्या टाचा फुटून रक्त आलं होतं, कारण जाताना तो पलीकडच्या खोऱ्यात डोंगरावरून पायी गेला होता. नंतर हे मला कळलं.

"कोण आहे हा?" नानांनी विचारलं.

"मी भीमसिंग," म्हातारा म्हणाला. आवाज अजून खणखणीत होता. "याच्यावर चाल करून गेलो होतो तो मीच. हा पोरगा आला, म्हने तुमच्याशिवाय कोनी सांगू शकत नाई. म्हनून आलो. साहेब कोनत्या बाजूला बसले?"

साहेब ताठ बसला. त्यानं भीमसिंगाला खुर्ची द्यायला सांगितलं आणि विचारलं की तुझ्याजवळ माणसं किती होती, याच्याजवळ किती.

"माझे दोनशे. याचे पन्नास बी नाई."

"तो तुम जीत सकते थे. वापस क्यों गये?"

भीमसिंगानं अंधूक डोळे साहेबाच्या आवाजाच्या रोखानं वळवले. "साहेब, तहान भागली ना. तहान भागल्यावर राग ठेवता येत नाई. मी पुष्कळ प्रयत्न केला." मग म्हणाला, "माझ्या दोनशे लोकांतले किती त्या दिवशी मेले असते, मला माहीत नाई. त्यांची आता नातवंडं हायेत. तुमच्या कागदात लढाई नाई, पण माझ्या खोऱ्यात येऊन मानसं पाहा. ती याचीच चाकरी हाये."

साहेबानं बोटानं टेबलावर ठोकत तो रकाना पुन्हा वाचला. नंतर नानांच्या हातातला तयार हुकूम घेतला आणि उलटा करून ठेवला.

निकाल झाला तो असा. जमिनी कसणाऱ्यांच्या नावे कायम, इतर रयतेसारखा सारा भरून. बक्षीपद मात्र संपलं, आणि त्या पदाबरोबर खुद्द बक्षीकडे चालत आलेलं गाव सरकारजमा झालं. मी वाचून दाखवलं. बक्षीबाबांनी एकच विचारलं.

"बेचाळीसच्या बेचाळीस?"

"बेचाळीसच्या बेचाळीस."

"महिपताचं नाव हाये ना त्याच्यात? तो उशिरा आला."

"आहे, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले. आपल्या गेलेल्या गावाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. बाहेर जाऊन त्यांनी भीमसिंगाला लिंबाखाली बसवलं आणि स्वतः विहिरीचं पाणी ओढून दिलं. दोघं म्हातारे बराच वेळ काहीबाही बोलत राहिले. महिपत लांब उभा होता. बक्षीबाबांनी त्याला हाक मारून जवळ बसवलं आणि त्याच्या टाचांकडे पाहून म्हणाले, "चपला नाई घालत काहून? जमादार हायेस ना?"

पुढं माझी बदली अमरावतीला झाली. कापसाचा बाजार तेव्हा नुसता उतू चालला होता. गाड्या मोर्शीपासून लागलेल्या असत असं लोक म्हणत, आणि ते फार खोटं नसे. त्या गर्दीत एकदा मला सालईगडच्या गाड्या दिसल्या. दुसऱ्यांच्या गाड्या वाकड्यातिकड्या, बैल एकमेकांत अडकलेले, गाडीवान हमरीतुमरीवर. यांच्या गाड्या कडेला ओळीनं उभ्या, बैल पाळीपाळीनं पाण्यावर जाऊन येत होते, आणि प्रत्येक गाडीपाशी एक माणूस जागा. वजन वाढावं म्हणून लोक कापसावर पाणी शिंपडत. यांचा कापूस कोरडा, कचरा वेचलेला. व्यापारी त्यांना नावानं ओळखत. "पलटणीचा माल" म्हणत.

मग अमेरिकेतली लढाई थांबली. ती बातमी अमरावतीत आली तो दिवस मला आठवतो. बाजारात एवढी माणसं होती, पण कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पुढच्या दिवसांत भाव जे कोसळले ते खालच्या मुलुखात पुष्कळांचे हाल करून गेले. ज्यांनी दाणा पेरलाच नव्हता त्यांना तो मिळेल त्या भावानं आणावा लागला. मला सालईगडची आठवण होई. महिपतानं ज्वारी मोडली असेल का, असं राहून राहून वाटे.

तो स्वतःच भेटला, बाजारात. मी न विचारताच म्हणाला, "पेरली होती, मुन्शीजी. वैतागूनच पेरली, पन पेरली. औंदा आमी खालच्या दोन गावाले बी दाना देल्ला." मग मान खाजवत म्हणाला, "बाबाले सांगू नोका मी वैतागून पेरली म्हनून."

त्यानंच मला लग्नाचं आमंत्रण दिलं. त्याच्या मुलाचं लग्न होतं, आणि मुलगी पलीकडच्या खोऱ्यातली, भीमसिंगाच्या एका जुन्या शिपायाची नात. दोन्हीकडच्या पाहुण्यांना सोयीचं म्हणून लग्न मधल्या त्याच खिंडीत लागायचं होतं.

मी गेलो. आंब्याचे दिवस होते. खिंडीत मोहाच्या झाडांखाली मांडव घातला होता आणि दोन्ही खोऱ्यांतली माणसं एवढी लोटली होती की कोण इकडचा नि कोण तिकडचा ते सांगता येत नव्हतं. अक्षता पडल्या. पंगती उठल्या. आमरस, पुरणपोळ्या, वांग्याची झणझणीत भाजी. डफडं वाजत होतं, बाया गात होत्या, कुणाची तरी गाय सुटून मांडवात शिरली म्हणून पोरं तिच्यामागं धावत होती. मला उन्हं कलायच्या आत निघायचं होतं, म्हणून मी बक्षीबाबांना शोधू लागलो.

महिपतानं बोटानं दाखवलं आणि ओठांवर हात ठेवला.

मांडवाच्या अगदी कडेला, एका मोहाच्या बुंध्याशी, बक्षीबाबा जमिनीवर आडवे झाले होते. पागोटं काढून उशाला घेतलेलं. डोक्यावर केस फार थोडे राहिले होते, ते मला तोवर ठाऊकच नव्हतं. तोंड किंचित उघडं, एक हात मोकळा पसरलेला, आणि एवढ्या कालव्यात ते गाढ झोपले होते.

"चाळीस वर्सात यायले दिवसा झोपलेलं पायलं नाई," महिपत कुजबुजला. "मानसात त कवाच नाई."

शेजारी भीमसिंग मांडी घालून बसला होता. त्याला आता काहीच दिसत नव्हतं. पण माशीची गुणगुण जिकडून येई तिकडं तो आपल्या शेल्याचं टोक हलकेच हलवत होता, आणि मध्येच हात लांबवून, बक्षीबाबांच्या तोंडावर ऊन तर नाही ना, हे तळव्यानं चाचपून बघत होता.

मी त्यांना उठवलं नाही. तट्टाचा लगाम धरून तसाच चालत खिंड उतरलो.